पाहुणीच्या वेबसाइटला नावं कशी ठेवायची?

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि समजा, तुम्ही कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलात आणि जाताना घरून लाडू नेलेत. लाडू इतके टणक की दात हलावेत. यजमान काय म्हणतील? "वा! झकास झालेत!" आणि तुमची पाठ वळली की लाडू म्हशीपुढे सरकवतील. बरोबर ना? मग रुपालीवर काय पाळी आली, ते तुम्हाला चटकन कळेल.

रुपालीने लाडू नव्हते नेले, वेबसाइट नेली होती. ती अहिल्यानगरच्या एका सरकारी कचेरीत काम करायची. नळाला पाणी नाही, रस्त्यावरचा दिवा गेला, अशा तक्रारी लोकांना घरबसल्या मोबाइलवरून करता याव्यात म्हणून तिने ही वेबसाइट बनवली होती. आधीच्या वेबसाइटवर लोक मध्येच अडकायचे आणि कंटाळून एसटीने कचेरीच गाठायचे. नवी वेबसाइट उद्या साऱ्या जिल्ह्यात सुरू होणार होती. तेव्हा काय चुका असतील त्या आजच सापडायला हव्या होत्या. त्यासाठी ती शेवगावजवळच्या एका गावात, मरिया आजींच्या ओट्यावर येऊन बसली होती. दुपारनंतर तिच्या कचेरीचे साहेब स्वतः येणार होते.

आजींनी खुर्चीवर नवी कोरी चादर घालून तिला बसवलं. कपबशीतून चहा दिला. शेजारच्या झुंबरबाई आल्या, कानिफनाथ तात्या आले.

"तुम्ही वापरून बघा, आणि कुठं अडलं की मला सांगा," रुपाली म्हणाली.

झुंबरबाईंनी मोबाइल आधी लांब धरला, मग नाकाला लावला, मग त्यावर तीन-चार ठिकाणी बोट टोचलं. वेबसाइट पुन्हा पहिल्या पानावर आली.

"झालं का, मावशी?"

"झालं की! लई भारी हाय."

"तक्रार गेली?"

"गेली आसंल. न जायला काय झालं?"

तात्या तर बराच वेळ हातातल्या मोबाइलकडे बघत नुसतेच बसले होते.

"काही अडलंय का, तात्या?"

"छ्या! काय बी न्हाई. आसंच बसलोय जरा."

रुपाली रडकुंडीला आली. "अहो, सगळं छान म्हणू नका! मला चुका हव्यात. चुका सापडल्या नाहीत तर उद्या सगळा जिल्हा अडकून बसेल!"

तिच्या डोळ्यांत पाणी बघून सगळे कळवळले. दारी आलेली पाहुणी रिकाम्या हाताने जाणार म्हणजे काय?

"चुका पायजेत व्हय? मग आधी न्हाई का सांगायचं!" झुंबरबाई पुढे सरसावल्या. "ह्यो निळा रंग हाय ना, त्यो हिरवा करा."

"ह्यो वरचा झेंडा जरा डाव्या अंगाला सरकवा," तात्या म्हणाले.

"एखादं गानं वाजलं पायजे ह्याच्यावर," मरिया आजी म्हणाल्या. "आन् हिरवा नको, निळाच बरा दिसतो."

"मग दोन्ही लिहून घ्या," झुंबरबाई म्हणाल्या. "पाव्हणीला कमी पडायला नको."

रुपालीने कपाळाला हात लावला.

आजींची नात स्टेला उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. तिने आईला विचारलं, "आई, आजी तुझ्या भाकरीला रोज नावं ठेवती. मग हिला का न्हाई ठेवत?"

"आगं, मी सून हाय," आई म्हणाली. "ती पाव्हणी हाय."

रुपालीने ते ऐकलं मात्र, ती खुर्चीवरून उठली. चादरीची घडी केली आणि खाली, बायकांच्या शेजारी मांडी घालून बसली.

"आजी, मी पाहुणी नाही. आजचा दिवस मला तुमची सून समजा."

मरिया आजींनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"सून व्हय? मग आधी ही मेथी निवड." सूप मांडीवर आलं आणि मग आजींच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, तो काही थांबेना.

"आक्षरं हायेत का मुंग्या? आन् जन्मसाल इचारलंय, ते सुरू होतंय यंदापासनं! माझ्या सालापतूर जाता जाता बोट झिजलं!"

"'पाणीपुरवठा योजना देखभाल व दुरुस्ती' म्हंजी काय गं?" झुंबरबाई म्हणाल्या. "'नळाला पानी न्हाई' आसं सरळ लिहायला काय हुतं?"

"आन् तक्रार धाडायला जो नंबर टाकायला लागतो, त्यो येतो माझ्या पोराच्या मोबाईलवर," तात्यांना कंठ फुटला. "पोरगं सुप्याला कंपनीत. तितं मोबाईल गेटावरच ठेवून घेत्यात. मग आमी काय त्याची सुट्टी हुईस्तवर बसून ऱ्हायचं?"

"काड्या न्हाई काढल्यास गं!" आजी सुपात डोकावून म्हणाल्या. "आईनं काय बी शिकवलं न्हाई वाटतं!"

बोलणी खाऊन इतका आनंद रुपालीला जन्मात झाला नव्हता. एका हाताने मेथी, दुसऱ्या हाताने टिपणं, असं तिचं चाललं होतं.

तेवढ्यात दारात जीप थांबली. साहेब आले! चादरीची घडी पुन्हा उलगडली, साहेब खुर्चीवर बसले, कपबशी आली.

"काय मंडळी, कशी वाटली वेबसाइट?"

"लई भारी, साहेब!" ओटा एका सुरात म्हणाला.

"सर, भारी नाही! खूप चुका आहेत, मी लिहून घेतल्यात..." रुपाली म्हणाली.

"अगं रुपाली, लोकच सांगतायत ना? तू उगाच चुका उकरत बसू नकोस. उद्या सुरू करून टाकू. मी आत्ताच वर कळवतो." साहेबांनी खिशातून मोबाइल काढला.

रुपालीने आजींकडे पाहिलं. आजी आढ्याकडे बघू लागल्या. तात्यांना एकाएकी खोकला आला.

स्टेला उठली. रुपालीच्या मांडीवरचं सूप तिने उचललं आणि सरळ साहेबांच्या मांडीवर ठेवलं.

"मामा, एवढी मेथी निवडा ना. काड्या ठेवू नका."

मामा म्हणवून घेतल्यावर नाही कसं म्हणायचं? साहेबांनी मोबाइल खिशात टाकला आणि चाचपडत एक काडी हातात घेतली. पान सुपाबाहेर पडलं, काडी सुपात.

मरिया आजींनी ते घटकाभर पाहिलं. घटकाभरच.

"आसं न्हाई ओ! एवढी शिकलेली मानसं तुमी! पानं टाकताय आन् काड्या ठेवताय! त्या तुमच्या वेबसाइटचं बी तसंच..."

"कसं?" साहेबांनी दचकून विचारलं.

तात्यांचा खोकला थांबला. झुंबरबाईंनी पदर खोचला.

आणि स्टेला? ती मेथीची दुसरी जुडी आणायला आत पळाली.