मिस्टर जेन्सन आणि मिस जेन्सन

"कॉलेजात तू मला ओळखत नाहीस. कळलं ना, बाबा?" गाडीत बसता बसता ब्रिटाने पुन्हा एकदा बजावलं.

"ओळखत नाही म्हणजे कितपत?" ऑर्विल जेन्सनने विचारलं. "हसलं तरी चालेल का?"

"नाही."

"नुसती मान हलवली तर?"

"बाबा!"

ऑर्विल त्रेपन्न वर्षांचा. अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका गावात कपडे धुण्याच्या मशीनचा कारखाना होता, तिथे तो फोरमन होता. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा इतिहासाचा मास्तर व्हायची जुनी हौस त्याने बाहेर काढली. त्यासाठी विद्यापीठाची पदवी हवी होती, आणि चारही वर्षं विद्यापीठात काढणं परवडणारं नव्हतं. मग गावातल्याच कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट पदवी घ्यायची, तीही ऑनर्ससकट, आणि तिथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जायचं, असं ठरलं. ऑनर्सवाल्यांना विद्यापीठ फीमध्ये चांगली सवलत द्यायचं. अडचण एवढीच, की त्याच्या लेकीनेही नेमकं हेच ठरवलं होतं.

पहिलं वर्ष दोघांनी एकमेकांचे वर्ग चुकवत काढलं. पण ऑनर्सचा शेवटचा चर्चावर्ग एकच होता आणि तो टाळून पदवी मिळत नव्हती. आडनावाने बिंग फुटायची भीती नव्हती; त्या गावात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो जेन्सनलाच लागायचा. वर्गातल्या बारा जणांत चार जेन्सन होते. तेव्हा घरी "बाबा, तू" आणि वर्गात "मिस्टर जेन्सन, तुम्ही" असा करार झाला.

करार पाळताना ऑर्विलचा जरा अतिरेक व्हायचा. "मिस जेन्सन यांचा आणि माझा पूर्वपरिचय नाही," असं तो कुणी न विचारताच सांगून टाकायचा. एकदा रेल्वेच्या इतिहासावर वाद रंगला तेव्हा ब्रिटा तिरमिरून म्हणाली, "अरे बाबा, तू जरा ऐकशील का?" सगळा वर्ग चपापला. "म्हणजे, आपलं... अरे बाबा, असं म्हणतात ना," तिने सारवासारव केली. प्राध्यापिका मॅकनॅमींनी चष्म्यावरून पाहिलं आणि सोडून दिलं.

टोबायसने मात्र सोडलं नाही. टोबायस म्हणजे त्याच वर्गातला सहा फुटी, गालावर लाली असलेला शेतकऱ्याचा पोरगा. ब्रिटाकडे बघून त्याची लाली आणखी वाढायची. म्हातारा जेन्सन पोरीच्या बाकावर गुपचूप डबा ठेवून जातो, हे त्याने पाहिलं.

"तो तुला डबा का देतो?" त्याने ब्रिटाला विचारलं.

"कुणास ठाऊक. एकटे असतील बिचारे."

बापाला चारचौघांत विधुर करून ब्रिटा निघून गेली. त्याच आठवड्यात टोबायसला आणखी दिसलं. कॉलेजपासून जरा लांब, पेट्रोलपंपाच्या आडोशाला ब्रिटा बर्फात कुडकुडत उभी होती. म्हाताऱ्याची गाडी आली. ब्रिटाने इकडेतिकडे पाहिलं आणि पटकन आत शिरली. दुसऱ्या दिवशी टोबायस मुद्दाम तिच्या सोबतीला पंपावर थांबला, तर गाडीची काच खाली झाली.

"तू कोण?" ऑर्विलने गुरकावून विचारलं. "घरी कोण कोण असतं? दारू पितोस?"

टोबायसची खात्री पटली. म्हातारा नुसता मागे लागलेला नव्हता, वर जळतही होता. तो तडक विद्यार्थी विभागाच्या प्रमुख मिसेस क्विन यांच्याकडे गेला.

ऑनर्समध्ये राहायचं तर वागणुकीबद्दल एकही तक्रार चालत नसे. मिसेस क्विननी ऑर्विलला बोलावलं, समोर बसवलं आणि दार उघडंच ठेवलं.

"मिस जेन्सनशी तुमचं नातं काय?"

ऑर्विलच्या कपाळावर घाम आला. पण शब्द म्हणजे शब्द. "वर्गातली ओळख. तीही फारशी नाही."

"मग तिचा डबा तुमच्याकडे कसा असतो?"

"माझी बायको देते."

"तुमच्या बायकोला हे सगळं माहीत आहे?"

"म्हणजे काय! तीच रोज भरते."

मिसेस क्विननी पाण्याचा घोट घेतला. "ती मुलगी राहते कुठे, ठाऊक आहे?"

"हो. माडीवरच्या खोलीत."

"कुणाच्या माडीवर?"

ऑर्विलने नजर छताकडे वळवली. "ते मला सांगता यायचं नाही," तो म्हणाला.

मिसेस क्विननी ब्रिटाला निरोप धाडला. ती धावत आली आणि आपल्यापायी बापाचं विद्यापीठ हातचं जातंय हे कळताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो मॅडम, ते माझे बाबा आहेत! सख्खे!"

"घाबरू नकोस, बाळ," मिसेस क्विन मऊ आवाजात म्हणाल्या. "असं सांगायला यांनीच शिकवलं का तुला?"

"नाही हो! बाबा, सांग ना त्यांना!"

ऑर्विलने लेकीकडे पाहिलं. ही नक्कीच परीक्षा घेतेय, असं त्याला वाटलं. तो ताठ बसला. "मिस जेन्सन यांचा आणि माझा पूर्वपरिचय नाही."

"बाबा, पुरे आता! मी सांगतेय ना!"

"तू नंतर ओरडशील."

"नाही ओरडणार!" ब्रिटा ओरडली.

शेवटी ऑर्विलच्या बायकोला, डोरीनला फोन गेला. ती शाळेच्या भटारखान्यात कामाला होती. केसांवरची जाळी आणि पुढचा अ‍ॅप्रन तसाच ठेवून ती येऊन धडकली. "हा माझा नवरा," ती म्हणाली, "आणि ही माझी मुलगी. दोघंही अभ्यासात हुशार आहेत. बाकी कशात असतील असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका." मग ऑर्विलकडे वळून म्हणाली, "आणि तू रे, बाहेर बसलेला पोरगा म्हणतो, विधुर झालास? मला कळवायचंस तरी."

बाहेर बाकावर टोबायस कानापर्यंत लाल होऊन बसला होता. ऑर्विल त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. पोरगा अंग चोरून बसला. पण ऑर्विलने त्याचा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला. "माझ्या लेकीची एवढी काळजी मी सोडून दुसऱ्या कुणी केली नव्हती. रविवारी जेवायला ये."

टोबायस आला, तो दर रविवारी येतच राहिला. ब्रिटासाठी म्हणावं, तर ती जेवण झालं की माडीवर निघून जायची. हे दोघे मात्र ताटं तशीच ठेवून यादवी युद्धातल्या लढाया मिठाच्या अन् मिऱ्यांच्या बाटल्यांनी लढत बसायचे. डोरीनला कपाटातून नवीन मीठ काढावं लागायचं.

मे महिन्यात तिघांनाही ऑनर्ससकट पदवी मिळाली. ब्रिटाने मिनेसोटातलं विद्यापीठ निवडलं. ऑर्विल आणि टोबायसला आपल्याच राज्यातल्या विद्यापीठात जागा मिळाली. रोज एवढ्या लांब जाणं-येणं झेपणारं नव्हतं आणि भाडंही वाचवायचं होतं, म्हणून दोघांनी वसतिगृहात एकच खोली घेतली.

पहिल्या दिवशी वसतिगृहाच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी किल्ली पुढे केली. त्यांची नजर टोबायसवरून ऑर्विलवर गेली. "हे कोण? आज सामान चढवायला फक्त घरच्या माणसांनाच आत सोडतो."

टोबायसने तोंड उघडलं. खोलीतला जोडीदार, वर्गातली ओळख, माडीवरची मुलगी, मिसेस क्विन, सगळं त्याला समजावून सांगायचं होतं. पण मागे रांग वाढत होती आणि दोन्ही हातांत सामान होतं.

"माझे बाबा आहेत," तो म्हणाला.

ऑर्विलने क्षणभरही विचार केला नाही. त्याने टोबायसच्या पाठीवर थाप मारली आणि खिडकीत वाकून म्हणाला, "पोरगा हट्टी आहे जरा. पण मनाने चांगला आहे."