रिकामी लाइन

ताडकळसच्या पोस्टात फोन करायला गेलं की पोस्टमास्तर गंगाधरअण्णा आधी तालीम घेत. पलीकडं काय बोलणार ते इथं बोलून दाखवा. कुणी "नमस्कार, आमी समदे खुशाल" असं सुरू केलं की ते मान हलवत. "ते आवाजावरून कळतंय. पुढं चला."

छपरावर बिनतारी फोनचा उंच खांब आणि आत एकच लाइन. आसपासच्या खेड्यांचं सगळं सुखदुःख तेवढ्या एका वाटेनं जायचं, म्हणून माणशी तीन मिनिटं. पलीकडच्या माणसाला बोलावून आणेपर्यंत तेवढ्या फटीत अण्णा त्याच गावासाठीचा दुसऱ्याचा निरोप घुसवत. रिकामी लाइन म्हणजे पाप, हे त्यांचं पालुपद. क्रमही ठरलेला होता. आधी दवाखाना, मग मयत, मग बाकीचे. मयतवाले कुरकुरले तर म्हणत, "मेल्याला घाई नसती, सबर करा." एकदा ज्वारीचा भाव विचारता विचारता सरपंचांची तीन मिनिटं संपली. अण्णांनी त्यांचाही फोन कापला. सरपंच महिनाभर फिरकले नाहीत. तेवढीच लाइन मोकळी, असं अण्णांचं मत पडलं.

मी शेजारच्या शाळेत मास्तर. मधल्या सुट्टीत नंबरांची यादी लिहायला बसायचो. यादीत रोज सगळ्यात खाली अण्णांच्या अक्षरात एक नाव असे, 'गंगाधर, औरंगाबाद'. संध्याकाळी त्यावर काट. शेवटी मी विचारलंच.

त्यांची लेक वंदना औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकत होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली. सुटल्या दिवशी तिनं इथं फोन लावला आणि रडायलाच लागली. तीन मिनिटं झाली. समोर अडलेल्या बाळंतिणीचा नवरा डॉक्टर बोलवायला उभा होता. अण्णांनी फोन कापला. बाळंतीण सुटली. वंदनानं मात्र पुन्हा ना फोन केला, ना पत्र लिहिलं.

"मी बराबरच केलं, सर," अण्णा म्हणाले. "पन ती रडायली व्हती."

रोज दवाखान्याचं कुणीतरी येतंच, म्हणून आपला नंबर लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते खरं वाटलं नाही. माणूस भ्यालेला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रांगेत कुणीच नव्हतं. मी म्हणालो, "अण्णा, तालीम करा."

ते म्हणाले, "वंदे, त्या दिवशी दवाखान्याचा मानूस व्हता."

"ते तिला कळलंय. पुढं चला."

पुढं त्यांना काही सुचेना. मीच तिच्या वसतिगृहाचा नंबर लावून दिला. तिला बोलावून आणेपर्यंतच्या फटीत, पहिल्यांदाच, कुणाचाही निरोप गेला नाही. मग पलीकडून बारीक आवाज आला, "अण्णा?"

रिसीव्हर कानाला घट्ट धरून अण्णा नुसते उभे. तिकडंही बोलणं नाही, फक्त हुंदके. तीन मिनिटं झाली, चार झाली. अण्णांनी घड्याळाकडं पाहिलं नाही.

तेवढ्यात सरपंच दारात आले. आतली शांतता पाहून म्हणाले, "लाइन रिकामी हाय जनू?"

"नाही," मी म्हणालो. "बोलणं चालू आहे."