दौलतभाऊंचा देवदार

आमच्या कॉलनीत रोज सकाळी सहाला शिव्या सुरू होतात. त्या माणसांना नसतात, झाडांना असतात. दौलतभाऊ डोक्याला दुपट्टा गुंडाळून फाटकापाशी लावलेल्या ख्रिसमस ट्रीसमोर उभे राहतात आणि साऱ्या गल्लीची झोप मोडेल अशा आवाजात तिला विचारतात, "काऊन आली तू इथी? कोनं बलावलं तुले?"

बोलावलं मी होतं. मी शाळेत मास्तर आणि फावल्या वेळात बागसमितीचा सचिव. ख्रिसमस ट्री आणि मोरपंखीची ती अख्खी रांग माझ्या सहीने भद्रावतीत आली. त्यामुळे शिव्या खऱ्या कोणाला आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला या माणसाचा मनापासून राग यायचा.

दौलतभाऊंची उभी नोकरी सरकारी रोपवाटिकांमध्ये गेली. आधी मुलचेऱ्याकडे, मग भामरागडला, शेवटी इकडे. त्यांच्या लेखी जगात झाडं दोनच जातींची, 'आपली' आणि 'फोटोची'. सुईसारख्या पानांची, थंड मुलखातून आणलेली ती सगळी फोटोची. एकदा मी वैतागून म्हणालो की माझी झाडं बारा महिने हिरवी तरी असतात, तुमचा साग मार्चपासून नुसता खराटा. मग त्यांनी मला भर उन्हात उभं करून शिकवणी घेतली.

"साग येडा नाई, सर. उन्हाळा लागला का पानं टाकते अन् गुमान उभा राह्यते. पानच नाई तं पाणी उडन कुठून? अन् हे तुमची मेमसाब पाहा. मे महिन्यात स्वेटर घालून उभी हाय."

पूर्वी रात्री जरा गार व्हायचं, तेवढ्यात अशी झाडं सावरायची. आता पहाटेचा वारासुद्धा भाजतो, हिवाळा आला कधी आणि गेला कधी कळत नाही, आपल्या मोहालाही आताशा जड जातंय, मग या पाहुण्यांनी काय करावं? हे सांगताना ते इतके तापले की मीच घाबरून त्यांना सावलीत नेलं. त्या उन्हाळ्यात माझी निम्मी रांग शेंड्यापासून तांबडी होत गेली. एकेक झाड वाळलं की ते मला घरून बोलावून दाखवायचे. माळ्याच्या हातातला पाइप तर ते हिसकावूनच घ्यायचे. मातीत बोट घाल, ओलं लागलं तर पाणी नाही, मुळं कुजवून मारतोस लेका, असा त्याचा उद्धार व्हायचा.

अशा माणसाच्या घरी देवदार आला तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

त्यांचा मुलगा फौजेत. त्याने उत्तराखंडातल्या पहाडातली मुलगी केली आणि लग्नानंतर महिन्याभरात त्याची सीमेवर बदली झाली. सून, पुष्पा, सासऱ्याकडे राहायला आली ती तेलाच्या डब्यात लावलेलं देवदाराचं रोप मांडीवर घेऊन. माहेरच्या अंगणातलं होतं. दौलतभाऊंची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी कोणाला जेवायला हाक मारताना ऐकू येऊ लागलं. पोरगी या भट्टीत आणून टाकली म्हणून मुलाला मात्र फोनवर रोज शिव्या बसत.

देवदाराला कधी शिव्या बसतात याची मी वाट पाहत राहिलो. बसल्याच नाहीत. उलट मागच्या पडवीत हिरव्या जाळीचे दोन पदर लागले. एप्रिलमध्ये भाऊंच्या खोलीतला कूलर पडवीत आला आणि त्याचं तोंड डब्याकडे झालं. भाऊ स्वतः उघड्या गच्चीवर झोपू लागले. सकाळ, दुपार, संध्याकाळ ते डब्यात पाणी घालत. मी एकदा खोचकपणे विचारलं, भाऊ, बोट घालून पाहिलं का? ते माझ्या अंगावर धावून आले.

मेच्या मध्यावर सुया पिवळ्या पडून गळायला लागल्या. भाऊंनी माझ्यादेखत डबा आडवा करून रोप बाहेर काढलं. मुळं काळी पडली होती, वास येत होता. वर्षभर ज्या संधीची मी वाट पाहिली ती हीच, आणि ती आली तेव्हा मी सांडलेली माती गोळा करत बसलो. पुष्पाने डबा धुऊन पालथा घातला. गेले काही दिवस ती बोलत कमी होती, जेवत त्याहून कमी.

ती आत गेल्यावर भाऊ म्हणाले, "मले मालूम होतं, सर. पाणी जास्त होऊन राह्यलं, बोटाले समजत होतं. पण तिचं तोंड सुकलेलं दिसे, अन् मी डब्यात पाणी ओतो."

चार दिवसांनी ते तिला घेऊन एसटीने चंद्रपूरच्या स्टेशनवर गेले आणि संध्याकाळी एकटे परतले. परत कधी येणार, मी विचारलं.

"पावसाळ्यात येते म्हणे. नाई आली तरी मी बोलनार नाई." ते पायरीवर बसले. त्यांचा आवाज चढला, पण राग माझ्यावर नव्हता. "झाडाले विचारता येत नाई. तिले येत होतं ना. दोन महिने म्या विचारलं नाई, बाई, घरी जावा वाटते का म्हणून. हो म्हणन, याचं भेव वाटे."

"मग?"

"परवा विचारलं. हो म्हणली."