तोंडाची किल्ली

मालकीणबाईंनी फोन तोंडासमोर धरला आणि फोनने त्यांना ओळखच दाखवली नाही. पुन्हा धरला. फोन ढिम्म! भर बँकेत, काउंटरवर, आपल्याच पैशाने घेतलेल्या यंत्राने असा परकेपणा करावा, हे त्यांना मुळीच खपलं नाही.

"अरे, आंधळा झालाय का हा?" त्यांनी मुलाला विचारलं.

"आई, तू जरा हसू नकोस."

"हसतंय कोण? दात आहेत ते!"

घोटाळा तिथेच होता. त्यांच्या गाद्यांच्या दुकानातून एका हॉटेलवाल्याने हॉटेलभर गाद्या नेल्या आणि पैशांऐवजी क्रिप्टो दिलं. मुलाने ते हौसेने घेतलं. "दिसत नाही, वाजत नाही, आणि म्हणे पैसा!" म्हणत मालकीणबाईंनी त्याला उभा-आडवा सोलला. पण ते ठेवायला वेगळा फोन आणला, तेव्हा कुलूप मात्र स्वतःच्या चेहऱ्याचंच लावायला लावलं. नंबरबिंबर नको. नंबर सुनेला कळला म्हणजे? त्या दिवसांत त्यांचे सगळे दात काढलेले होते आणि कवळी यायची होती. फोनने बोळकं पाहिलं आणि तेच मनात धरून तो कपाटात जाऊन बसला. पुढे कवळी आली, क्रिप्टोचा भाव चढला, पण फोन उघडायची वेळ आली ती थेट आज.

कारण त्यांचं दुकान होतं तो भाड्याचा गाळा त्याच्या मालकाने विकायला काढला होता. बँक बंद व्हायच्या आत पैसे पोचले तर गाळा मालकीणबाईंचा, नाहीतर त्यांच्या विहिणीचा. लेकीच्या सासूला तिथे ब्यूटी पार्लर काढायचं होतं. ती शेजारच्याच खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन, भिंतीवरच्या घड्याळाकडे प्रेमाने बघत बसली होती.

"काय हो विहीणबाई, पैसे ओळखत नाहीत वाटतं तुम्हाला?"

"ओळखतात हो. तुम्हाला बघून जरा लाजतायत."

"पण दात मात्र काय सुरेख राहिलेत तुमचे या वयात!"

"माझेच आहेत," मालकीणबाई ताठ मानेने म्हणाल्या, आणि तिथेच अडकल्या.

मुलगा कानाशी लागला. "आई, कवळी काढ."

"हळू बोल मेल्या! जीव गेला तरी हिच्यासमोर नाही काढणार."

"गाळा जाईल आई."

मालकीणबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं, रुमाल लावला, खोकल्यासारखं केलं. कवळी रुमालात गेली आणि फोन असा खुलला, जसं माहेरचं माणूस भेटावं. मुलाने भराभर क्रिप्टो विकलं. थोड्या वेळात पैसे बँकेच्या खात्यात उतरले. कवळी जागेवर गेली आणि मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला.

"आजी, रक्कम मोठी आहे. जरा कॅमेऱ्यात बघा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"आजी असेल तुझी!"

बँकेच्या कॅमेऱ्याने मात्र त्यांना झटक्यात ओळखलं. बँकेने गेल्याच आठवड्यात त्यांचा नवा फोटो काढला होता, दातांसकट.

"छान. आता फोनवर कोड आला असेल, तो सांगा."

बँकेत दिलेला नंबरही त्याच फोनचा, आणि फोन पुन्हा झोपला होता. पुन्हा भिंत, पुन्हा रुमाल, पुन्हा खोकला. मुलाने कोड वाचेपर्यंत तो बाद झाला.

"नवा पाठवते. पण आधी परत चेहरा दाखवावा लागेल."

दात घातले, चेहरा दाखवला, दात काढायला भिंतीकडे वळल्या, तर भिंतीपाशी विहीणबाई उभ्या! "खोकला फार वाढलाय हो तुमचा. पाणी देऊ?" पाणी नाकारण्यात तोही कोड गेला.

"वेळ संपत आली," मुलगी कळवळून म्हणाली. "एकदाच करता येईल आता."

मालकीणबाईंनी विहिणीकडे पाहिलं. मग गादीवर दांडका घालायच्या आधी काढायच्या त्याच आवाजात गरजल्या, "बाजूला व्हा! या बँकेला दात हवेत, त्या फोनला नकोत. जुन्या पैशाचं आणि नव्या पैशाचं लग्न लावायला मीच एकटी सापडलेय!"

कॅमेऱ्यापुढे बत्तिशी दाखवली. टिंग! तिथेच, सगळ्यांदेखत, कवळी काढून मुलाच्या हातावर ठेवली. "धर!" फोन उघडला.

"वाच रे, वाच लवकर!" रांगेतला एक गृहस्थ ओरडला. त्याला स्वतःचं काम काय होतं याचा केव्हाच विसर पडला होता. मुलाने एका हातात आईचे दात घट्ट धरून कोड वाचला. मुलीने तो टाकला. सगळी रांग काउंटरवर झुकली. यंत्राने पावती बाहेर काढली आणि बँकेत टाळ्यांचा कडकडाट झाला. शिपाईसुद्धा टाळ्या वाजवत होता.

विहीणबाईंनी पर्स काखेला लावली. जाता जाता एक टोचणी ठेवलीच. "काय हो, दात तर तुमचेच म्हणाला होतात?"

"माझेच की!" मालकीणबाईंनी पावती फडकवली. "रोख मोजून घेतलेत. हा गाळा घेतलाय ना, अगदी तस्से!"

आणि रुमालबिमाल काही न लावता, बोळकं पसरून, त्या अख्ख्या बँकेला ऐकू जाईल अशा हसल्या.