गोबो वाळत चाललाय

"आणखी वीस ग्रॅम गेले," मुनाकाता सर स्वयंपाकघरातल्या काट्यावरची नजर न काढता म्हणाले.

"कोणाचे?" फुमिएने भात वाढता वाढता विचारलं.

"कोणाचे काय? गोबोचे!"

"मला वाटलं, माझे. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी तुमचं लक्ष तरी गेलं."

सरांनी ऐकलं नाही. काट्यावर ठेवलेल्या पेंढ्याच्या टोपलीत, टॉवेलखालून, एक तपकिरी नाक बाहेर आलं होतं. हा गोबो. शाळेचा गिनीपिग. जमिनीतल्या ज्या मुळाचं नाव मुलांनी त्याला दिलं होतं ते लांबडं आणि काटकुळं असतं. गोबो मात्र वाफेवर फुगलेल्या पावासारखा गोल. निदान सुट्टी लागेपर्यंत तरी होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला घरी कोण नेणार, या प्रश्नावर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी एकदम चहाच्या कपात डोकी घातली, तेव्हा नेहमीप्रमाणे उपमुख्याध्यापकांवर, म्हणजे मुनाकाता सरांवर आलं. साकातासारख्या छोट्या जपानी गावात उपमुख्याध्यापक म्हणजे गळक्या नळापासून हरवलेल्या छत्रीपर्यंत सगळ्याचा धनी. पण सर धास्तावले ते वेगळ्या कारणाने. गेल्या सुट्टीत वर्गातले सोनमासे त्यांच्याकडे होते. सुट्टी संपली तेव्हा नुसतं पाणी परत गेलं. तेव्हापासून दुसरीची मुलं त्यांना पाठीमागे 'यमदूत' म्हणत, आणि पाठीमागे म्हणजे फार मागे नाही, ऐकू येईल इतपत.

म्हणून या खेपेला सरांनी कंबर कसली. उपमुख्याध्यापक होण्यापूर्वी ते गणित शिकवत. प्रकृतीची खरी खूण म्हणजे वजन, असं त्यांचं मत. गोबो सपाट काट्यावर क्षणभर थांबेना, म्हणून सासऱ्यांनी विणलेली पेंढ्याची एक टोपली त्यांनी घेतली, ती रिकामी तोलली, तिचं वजन पाठ करून टाकलं, आणि मग रोज गोबोला टोपलीसकट तोलून तेवढं वजा करायचं असा नेम ठेवला. गोबोला टोपली इतकी आवडली की तो रात्रंदिवस तिच्यातच, टॉवेल पांघरून, बसू लागला.

आणि वजन उतरू लागलं.

सुरुवातीला सरांनी आहार वाढवला. ढबू मिरची, काकडी, गाजराची पानं, कोबीचा गाभा. गोबो सगळं फस्त करी आणि दुसऱ्या दिवशी आणखी हलका भरे.

"खातोय राक्षसासारखा आणि वाळतोय काडीसारखा," सर कपाळाला हात लावून म्हणाले. "हे कुठल्या शास्त्रात बसतं?"

"घर सुटलं की अन्न अंगी लागत नाही," सासरे म्हणाले. गिसाबुरोआजोबा पत्नी गेल्यापासून लेकीकडे राहत आणि दिवसभर पेंढ्याच्या चपला, टोपल्या, दोऱ्या वळत बसत. त्या कोणी वापरत नसे, पण कोणी टाकूनही देत नसे. "मी इथं आलो तेव्हा माझंही तसंच झालं होतं, जावईबापू. कोणी तोललं नाही, एवढंच."

"उकाडा बाधत असेल," शेजारच्या कुरोइवाबाईंनी कुंपणावरून निदान केलं. झालं. घरात एसी एकच, तो सर आणि फुमिएच्या खोलीत. त्या खोलीत गोबो गेला आणि नवरा-बायको बैठकीच्या खोलीत पंख्याखाली आले. मग कोणीतरी म्हणालं, एकटेपणाने झुरत असेल. त्याच्यासमोर आरसा आला. फुमिएचा आरसा.

"अहो, आपण सहलीला जाणार होतो," फुमिए म्हणाली. "गरम पाण्याच्या झऱ्यांवर. खोली राखून ठेवलीय."

"या अवस्थेत त्याला टाकून?"

"आणि माझी अवस्था?"

"तुझं वजन स्थिर आहे गं!" सर अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. फुमिएने पंखा आपल्याकडे वळवून घेतला.

सहल रद्द झाली. सरांच्या घशाखाली घास उतरेना. समोरची ताटली तशीच ठेवून ते पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसत आणि गोबोच्या जबड्याकडे बघत राहत. त्यात मुलांचे फोन. दुसरीतली चिनात्सु तर नेमाने फोन करी.

"सर, गोबो कसा आहे?"

"मजेत! अगदी मजेत!"

"त्याला फोन द्या ना."

सर फोन पिंजऱ्याला लावत. चिनात्सु बराच वेळ काहीतरी कुजबुजे, गोबो "कुई कुई" करी, आणि मग ती सरांना गंभीरपणे सांगे, "तो म्हणतो, सगळं ठीक आहे." सरांना वाटे, धरणी पोटात घेईल तर बरं.

गावातले डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. ते म्हणाले, "दात वाढले असतील, पोटात काही असेल. पण यातलं मला कळत नाही हो. त्सुरुओकाच्या ओरिहाराबाई छोट्या प्राण्यांच्या डॉक्टर, त्यांना दाखवा." ओरिहाराबाई सुट्टीवर. ओबोनचे, म्हणजे पितर घरी येण्याचे दिवस होते. अख्खा देश आपापल्या गावी गेला होता.

बाई परत यायच्या आधीच गोबोने, सरांच्या हिशेबाने, अंगाचा पाव हिस्सा गमावला होता. सरांनी मन घट्ट करून मुख्याध्यापिकांना फोन लावला.

"होशिनाबाई, मुलांना एकदम धक्का बसू नये म्हणून सांगतो. गोबोची तब्येत जरा उतरलीय."

पलीकडे दीर्घ श्वास ऐकू आला. "पुन्हा, मुनाकाता सर?"

त्या 'पुन्हा'ने सरांचं उरलंसुरलं अवसान गेलं.

होशिनाबाई मुलांच्या मनाची फार काळजी घेणाऱ्या. त्यांनी पालकांना मोजका निरोप धाडला की गोबोची प्रकृती थोडी नाजूक आहे. दुपारपर्यंत गावात 'फार नाजूक' झाली. संध्याकाळी मासळीच्या दुकानात गोबो शेवटच्या घटका मोजत होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या दारात चपलांची रांग लागली.

आजाऱ्याला भेटायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? कोणी खरबूज आणलं, कोणी सफरचंदं, कोणी परसातल्या काकड्या. आजारी बरा व्हावा म्हणून वर्गाने घड्या घालून केलेल्या कागदी सारसांची एक लांबलचक माळही आली. गिसाबुरोआजोबा दारात बसून आल्यागेल्याला सातूचा गार चहा देत आणि गंभीर आवाजात सांगत, "शुद्धीवर आहे. खातोय थोडंथोडं."

थोडंथोडं! भेटायला येणारा प्रत्येक जण एक फोड जाळीतून आत सारी आणि गोबो ती घेई. नाही कोणालाच म्हटलं नाही त्याने. आजारी असला तरी संस्कार चांगले होते.

"शेवटची इच्छा म्हणून खात असेल," कुरोइवाबाई डोळे टिपत म्हणाल्या.

अखेर, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, ओरिहाराबाईंचा दवाखाना उघडला. फुमिएने गाडी काढली. सर मागे टोपली मांडीवर घेऊन, तिच्यावर टॉवेल धरून बसले. वाटेत ते एकदाच बोलले. "सोनमाशांसारखं या खेपेलाही नुसतं पाणीच परत न्यावं लागेल असं वाटतंय." फुमिएने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, आणि महिनाभराचा राग तिच्या मनातून हळूच उतरला.

"काही नाही होणार त्याला," ती म्हणाली. "तुम्ही आधी नीट बसा बघू."

डॉक्टरीणबाईंनी गोबोला उचललं, तोंड उघडून दात पाहिले, पोट चाचपलं, काळजाचे ठोके ऐकले. सरांचे ठोके नळी न लावताही ऐकू येत होते.

"दात उत्तम आहेत. पोट मऊ आहे," त्या म्हणाल्या आणि गोबोला काट्यावरच्या डब्यात ठेवलं. "वजन सुट्टीपूर्वी किती होतं?"

सरांनी सांगितलं.

"मग आता दीडशे ग्रॅम वाढलंय."

"शक्यच नाही!" सर उभे राहिले. "तुमचा काटा... म्हणजे माफ करा, पण टोपलीचं वजन वजा करायचं राहिलं."

"कसली टोपली?"

"गोबोची. आम्ही टोपलीसकट तोलतो आणि टोपली वजा करतो."

"टोपली कुठाय?"

सरांनी टेबलावर ठेवलेला टॉवेल उचलला. सगळे बघत राहिले. टोपलीला काठ नव्हता. कडेची वीण नव्हती. पकडायचे कान तर नव्हतेच. उरलं होतं ते एक वाटोळं, कुरतडलेलं बूड. टोपली म्हणण्यापेक्षा ताटली म्हणावी असं.

"अगं बाई!" फुमिए म्हणाली. "म्हणून रोज पेंढ्याचा केर निघत होता!"

डॉक्टरीणबाईंनी ते बूड काट्यावर ठेवलं. सरांनी आकडा पाहिला, मनातल्या मनात एक वजाबाकी केली, मग तीच पुन्हा केली. इतकी वर्षं मुलांना ते सांगत आले होते की वजा करायची संख्या आधी नीट तपासून घ्या.

"म्हणजे... वाळत होती ती टोपली?"

"हो. आणि ती याच्या पोटात जात होती. भाताचाच पेंढा ना? रंग, वार्निश काही नाही? मग उलट चांगलं झालं, दात झिजले." बाईंनी ओठ घट्ट आवळून धरले होते, पण पुढचं वाक्य त्यांना हसल्याशिवाय पुरं करता आलं नाही. "आता फळं मात्र बंद करा हं."

सर खुर्चीत बसले आणि टॉवेलात तोंड खुपसलं. खांदे हलताना पाहून फुमिए धावली. तर ते हसत होते. मधूनमधून रडतही होते, पण मुख्यतः हसत होते.

घरी आजोबा दारातच उभे होते. "काय निघालं?"

"बाबा, त्याने तुमची टोपली खाल्ली."

आजोबांनी उरलेलं बूड हातात घेऊन उलटंपालटं केलं. "बूड ठेवलंन," ते पुटपुटले. "जरा घट्टच विणलं होतं मी." आणि त्यांनी ताबडतोब नवा पेंढा पाण्यात भिजत घातला. शिट्टी वाजवत. लेकीने त्यांची शिट्टी आई गेल्यापासून ऐकली नव्हती.

शाळा उघडली त्या दिवशी दुसरीचा वर्ग सुतकी चेहऱ्याने बसला होता. होशिनाबाई एका कोपऱ्यात रुमाल घेऊन सज्ज. सरांनी पिंजरा टेबलावर ठेवला. मुलं पुढे सरकली. जाळीला नाकं लावून त्यांनी गोबोला निरखलं.

"सर," एकाने शेवटी विचारलं, "हा सुजलाय का?"

"नाही रे. जाडा झालाय."

वर्गात जो गलका झाला त्याने गोबो नव्या टोपलीत दडून बसला. होशिनाबाईंनी तो रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि सरांना वाकून नमस्कार केला, नेहमीपेक्षा जरा जास्तच खाली. गलक्यात एकटी चिनात्सु गप्प होती. ती गोबोकडे बघतच नव्हती. ती सरांच्या पट्ट्याकडे बघत होती. त्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं आणि पट्ट्याचं शेपूट पार पाठीपर्यंत गेलं होतं.

दुपारी शाळेतलं जेवण आलं. मुनाकाता सर शिक्षकांच्या खोलीत आपल्या टेबलापाशी बसून फायली चाळत होते, तेवढ्यात चिनात्सु आपली थाळी दोन्ही हातांत धरून आली. तिने आपला पाव सरांच्या ताटात ठेवला. मग गाजराच्या चकत्या. मग थोडा विचार करून गोड मंदारिन संत्रंसुद्धा. आणि समोरच्या खुर्चीत बसून, हनुवटी तळहातांवर टेकवून ती त्यांच्या जबड्याकडे बघत राहिली.

सरांनी पाव मोडला. पहिला घास जरा अडकला. दुसरा उतरला. तिसऱ्या घासाला त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कडाडून भूक लागलीय.

दारात मुलं ताटकळत उभी होती. चिनात्सुने मान वळवून, आवाज न करता, हाताने खूण केली की दंगा करू नका.

"खातायत," ती म्हणाली.