जनाकाकींच्या तारा

जनाकाकींच्या वयाच्या बायका कमरेच्या बटव्यात पान-तंबाखू ठेवतात. आमच्या शेजारच्या जनाकाकी टूथब्रश ठेवतात. शिवाय तारांच्या फटीत घालायचा एक इवलासा ब्रश आणि आरसा. कारण साठीला टेकल्यावर या बाईंनी दातांना तारा लावून घेतल्यात.

पनवेलची आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच शेतावर. शेत गेलं, दरारा राहिला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "दात एकमेकांवर चढलेत, अन्न अडकून किडतील. सरळ करून घ्या. पण तारांत जास्तच अडकतं हं, प्रत्येक खाण्यानंतर ब्रश!" डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात. अक्षरशः पाळणाऱ्या बहुधा काकी एकट्याच.

"आदी दात, मंग बात!" हे त्यांचं ब्रीद. चहा संपला की गप्पा अर्धवट टाकून बेसिन गाठतात. दिवाळीत माझी चकली त्यांनी खलबत्त्यात कुटून चमच्याने खाल्ली. चकलीला इतका अपमान कधी सोसावा लागला नसेल. चिक्कीला त्या दातांची सवत म्हणतात. घरी कुणी मिठाई घेऊन आलं, तर आधी त्याचीच तपासणी होते. "तोंड उघड रं. बघ, मागं काला डाग हाय. जा डाक्टरनीकडं."

कळंबोलीला एका हळदीत तर कहर झाला. डीजे दणाणतोय, पंगती उठतायत आणि काकी पाण्याच्या पिंपापाशी तारांत अडकलेला बोंबील काढतायत. तेवढ्यात नवरदेव पाया पडायला वाकला. काकींनी फेसाळ तोंडानेच आशीर्वाद दिला. बिचाऱ्याचा नवा कुर्ता शिंतोड्यांनी भरला.

परतताना रिक्षात मी हसत म्हटलं, "काकी, या वयात एवढं कुणासाठी?"

त्यांनी बटव्याची नाडी आवळली. मग म्हणाल्या, "माजी आयस धवलारीन व्हती."

जुन्या आगरी लग्नांत काकींच्या आईसारखी धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन लग्न लावायची, हे मी ऐकून होते.

"तिचं दात किडून पडलं. गानं तेच, पन शबूद कलंना. लोक बोलवंनात. मंग घरात भिंतीकडं तोंड करून गायची. मना तिचं समदं धवलं येतान. कोनी बोलावलं तर तोंड तयार नको?"

"आणि बोलावतात?"

"आता डीजे असतो ना," म्हणत त्या बाहेर बघत राहिल्या. मला माझ्याच हसण्याची लाज वाटली, आणि फार वाईटही वाटलं.

पुढे माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आम्ही काही आगरी नाही. तरी पहिलं आमंत्रण घेऊन मी काकींकडेच गेले. "काकी, आमच्या पोरीच्या हळदीला धवले गाल का? डीजे नाहीये."

काकींनी हातातली बशी खाली ठेवली. पदराने डोळे पुसले आणि तडक आत गेल्या. बेसिनचा नळ सुरू झाला.

"काकी, अहो लग्नाला अजून अवकाश आहे!"

"असूं दे!" आतून फेसाळ आवाज आला. "आदी दात, मंग बात!"

नळ बंद झाला. मग आतूनच त्यांनी गायला सुरुवात केली. मला एकूण एक शब्द कळत होता.