वेंकोबारावांचा फोन

आमच्या ऑफिसात दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला की उचलायला कुणी पुढे होत नाही. पलीकडून मेलेलं माणूसही बोलू शकतं.

अतिशयोक्ती करत नाही. आमचे हेडक्लार्क सुंदरम सार वारले, त्यांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या सेक्शनमधल्या सेल्वीला फोन केला. तोच आवाज, तोच खोकला. "सेल्वी मा, माझा पासवर्ड विसरलों. जरा सांग." सेल्वीने आधी पासवर्ड सांगितला आणि मग किंकाळी फोडली. तेवढ्यात कपाटामागून मोबाइल हातात घेऊन वेंकोबाराव बाहेर आले.

"माणूस गेला, पण कंप्यूटरांतलें त्याचें नांव तूं पुसलें नाहींस," ते म्हणाले. "भूत तिथूनच शिरतें."

आमचं एक खासगी हॉस्पिटल आहे. रेकॉर्ड सेक्शन तळघरात. निम्म्या तंजावूरची दुखणी आमच्या कंप्यूटरमध्ये आहेत, आणि त्यातलं अक्षरही बाहेर जाऊ नये, हे वेंकोबारावांचं काम. राहतात राजवाड्यामागच्या गल्लीत. त्यांचे आजोबा कीर्तनकार होते. राजा, राणी आणि माकड, तिघांना एकाच गळ्यातून बोलवायचे म्हणे. नातवाला गळा मिळाला, श्रोते मिळाले नाहीत. ती उणीव आम्ही भरून काढतो.

चपला ते दाराबाहेर काढतात. त्यामुळे ते आले, हे मानेला श्वास लागल्यावरच कळतं. आले की कीबोर्ड उचलून खाली चिठ्ठी आहे का बघतात. पासवर्ड कसा असावा, यावर त्यांचं ठाम मत होतं. "तंजावूरची मराठी म्हणजे तयार पासवर्ड. पुण्याच्या माणसाला कळत नाहीं, चोराला काय कळेल?" आम्हा चार मराठी लोकांना हे फार पटलं. प्रत्येकाने घरचा, खास आपला असा एक शब्द निवडला. वेंकोबारावांनी आमच्या घराघरांत होणाऱ्या दह्यातल्या पचडीचं नाव, 'डांगरपचडी', एकदाच टाइप केलं आणि चारही कंप्यूटर उघडले.

त्यांचं एक पालुपद आहे, "ठेव. परत लाव." कुणीही फोन करून पेशंटची माहिती मागितली, अगदी मोठ्या डॉक्टरांनी मागितली, तरी फोन ठेवायचा आणि आपल्या वहीत लिहिलेल्या नंबरला आपण लावायचा. "कुणाला काय दुखतें, तें त्याचें घर आहे. हाक आली म्हणून दार उघडायचें नाहीं."

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. मग एका दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"शकू, कापी घेतलीस कां?"

माझे वडील, अप्पा. कॉफीला ते 'कापी'च म्हणायचे. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी विचार करायच्या आत म्हटलं, "घेतली, अप्पा."

"माझी फाइल कुठें ठेवलीस ग?"

मी फाइलचा नंबर सांगितला. पाठच होता. पलीकडून अप्पांच्याच आवाजात, "ठेव. परत लाव."

अप्पा वेंकोबारावांच्या तिण्णैवर, त्या दाराबाहेरच्या ओट्यावर, रोज संध्याकाळी गप्पा मारायला बसायचे. आवाज तिथून उचललेला. कुठलाही नंबर लावला तरी अप्पा आता उचलणार नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी महिनाभर त्या माणसाशी बोलले नाही. डायरेक्टरांकडे करायची तक्रारही लिहून काढली. सही तेवढी राहिली होती.

आणि गेल्या गुरुवारी पुन्हा फोन. नंबर अनोळखी, बाईचा आवाज, धाप लागलेली. तिरुवैयारूच्या एका दवाखान्यात तिचा नवरा बेशुद्ध पडला आहे. त्याला कुठलं तरी इंजेक्शन चालत नाही, त्याचं नाव आमच्या फाइलमध्ये आहे. तिचा मोबाइल कुठेतरी पडला, दुसऱ्याच्या फोनवरून बोलते आहे.

मी मनात वेंकोबारावांना म्हटलं, या मामा, या वेळी नाही हरायची. "ठेवा, परत लावते," असं सांगून फोन ठेवला. वहीतल्या तिच्या नंबरला लावला. बंद. मी खुशीत मागे वळले.

मागे वेंकोबाराव उभे होते. अनवाणी, दोन्ही हात रिकामे.

"कोण होतें?" त्यांनी विचारलं.

म्हणजे तो फोन त्यांचा नव्हता. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी मला बाजूला सारून डॉक्टरांची छापील यादी काढली, तिरुवैयारूच्या त्या दवाखान्याचा नंबर शोधून लावला. फोनवर नर्स आली, मग डॉक्टर आले. पेशंटचं नाव, वय, पोटावरची जुन्या ऑपरेशनची खूण, असे तीन प्रश्न विचारले, उत्तरं फाइलशी ताडून पाहिली आणि इंजेक्शनचं नाव डॉक्टरांनाच सांगितलं. सगळं पाच मिनिटांत. तेच इंजेक्शन तिकडे भरून ठेवलं होतं.

संध्याकाळी निरोप आला, माणूस शुद्धीवर आहे.

मी बोलणी खायच्या तयारीत उभी होते. वेंकोबाराव स्टुलावर बसले होते.

"चूक तुझी नाहीं, शकू. हेंच मी शिकवलें. पुढचें शिकवलें नाहीं."

मग ते आपण होऊन सांगू लागले. त्यांची बायको पापनाशमला बहिणीकडे गेली होती. परतताना बसस्टॉपवर बरं वाटेना, म्हणून तिने फूलवालीच्या फोनवरून यांना फोन लावला.

"म्हणाली, 'अहो, मी. माझा फोन कुठेंतरी पडला.' आवाज तिचा वाटेना. असेच तर फसवतात ना? मी म्हटलें, ठेव. परत लाव. तिचा नंबर लावला, बंद. बहिणीकडे लावला, कुणी उचलला नाहीं. नियमाप्रमाणें सगळें केलें. त्या फूलवालीच्या नंबराला तेवढें लावलें नाहीं."

मी दुसरं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"घाबरल्यावर माणसाचा आवाज त्याचा राहत नाहीं. मी इतक्यांचे आवाज काढतों, मला हें कळूं नये? फूलवाली मागाहून म्हणाली, ती शेवटपर्यंत फोनकडे बघत बसली होती. मी लावीन म्हणून."

या माणसावर मी महिनाभर राग धरून होते. आता त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. स्क्रीनवर नाव नव्हतं, नुसता नंबर. दुसरी रिंग व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"बोल मा, मी इथेंच आहें."

बायपासजवळचे प्लॉट विकणारी कुणी मुलगी होती. मला सगळं ऐकू येत होतं. प्लॉटची लांबी-रुंदी, विहिरीचं पाणी, तीस फुटी रस्ता. वेंकोबारावांनी एकदाही तोडलं नाही. तिचं सगळं बोलून झालं, तेव्हा त्यांनी तिला तमिळमध्ये हळूच विचारलं,

"तू बरी आहेस ना? घरी न्यायला कुणी येतं?"

मग तिने फोन ठेवला. वेंकोबाराव कानाला मोबाइल लावून बसून राहिले.